तहाची किंमत कोण देतो?

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचे गाव आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे बाजाराच्या किंवा सोयरिकीच्या निमित्ताने तेथे जाणे झाले असेल. ह्या गावाच्या शिवारात १७२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मोठे रण माजले. दख्खनचा कारभार निजामुल्मुल्काकडून काढून मुबारिजखानास द्यावा असे दिल्लीच्या दरबारात ठरले होते, आणि निजामुल्मुल्क तो सोडावयास तयार नव्हता. दोघेही एकाच बादशहाचे चाकर आणि एकाच धर्माचे. मुबारिजखान रणात पडला; त्याचे शिर कापून दिल्लीस पाठविण्यात आले; आणि ज्या राज्याचा शेवट पुढे १९४८ साली झाला, त्या हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया त्या दिवशी आपल्या ह्या काळ्या मातीत घातला गेला. जिंकणाऱ्याने गावाचे नावही बदलले. साखरखेर्ड्याचे फतेहखेर्डा झाले, म्हणजे विजयाचे गाव. परंतु ते नाव कागदांतच राहिले. लोकांच्या तोंडी साखरच टिकली व आजही तीच आहे. विजयी पुरुषांनी गावाचे नाव बदलावे आणि गावाने त्यांस न विचारता जुनेच चालू ठेवावे, ह्यात आम्हांस थोडे समाधान वाटते हे आम्ही लपवीत नाही.

परंतु आज आम्हांस लिहावयाचे आहे ते ह्या रणाविषयी नव्हे. त्यानंतर ३३ वर्षांनी त्याच गावी एक तह झाला, त्याविषयी लिहावयाचे आहे. लढाईच्या गोष्टी मुले आवडीने ऐकतात. तहाच्या गोष्टी कोणी सांगत नाही. तथापि लढाई दोन दिवसांत संपते आणि तह पुढे दोन-दोन पिढ्या भोगावा लागतो.

झाले ते येणेप्रमाणे. १७५७ साली नानासाहेब पेशव्यांचा वडील मुलगा विश्वासराव हा मोठ्या फौजेनिशी निजामाच्या मुलखात उतरला. तो अवघा १५ वर्षांचा होता. म्हणून लढाईचा खरा भार दत्ताजी शिंद्यांवर होता. निजामाकडील एक सरदार रामचंद्र जाधवराव हे सिंदखेडास कोंडले गेले. सिंदखेडचे जाधव म्हणजे जिजाबाईंचे माहेर. म्हणजे शिवाजीमहाराजांच्या आजोळच्या कुळातला मराठा आत, आणि शिवाजीमहाराजांच्या गादीचे नाव घेणारे मराठे बाहेर. ह्या जुन्या लढाया धर्माधर्माच्या होत्या असे जे कोणी आपल्या गावी येऊन सांगतात, त्यांस सिंदखेडची ही गोष्ट विचारावी. जाधवरावांस सोडविण्यास निजाम सलाबतजंगाचा भाऊ निजामअली धावून आला. डिसेंबर महिन्यात काही दिवस झुंज झाली, निजामाकडील लोक जेरीस आले, आणि वर्ष संपता संपता साखरखेर्ड्याच्या मुक्कामी तह ठरला. निजामाने पेशव्यांस २५ लाखांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला द्यावा, हे त्यातील मुख्य कलम.

मुलूख लाखांनी मोजण्याची ही रीत वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी, कारण आमचे सर्व म्हणणे तिच्यातच आहे. २५ लाखांचा मुलूख म्हणजे तितके रुपये मोजून घेतलेली जमीन नव्हे. त्या मुलखातून दरसाल जितका वसूल यावयाचा असे धरलेले असे, तो हा आकडा. आता वसूल म्हणजे काय? कोणा कुणब्याने ज्वारी पेरली, त्याच्या बायकोने ती निंदली, पोरांनी माळ्यावर उभे राहून पाखरे हाकली, गावकुसाबाहेरच्या येसकराने रात्री खळे राखले, आणि मग रास झाल्यावर जो वाटा सरकारात गेला, तो वसूल. म्हणजे निजामाने जे दिले ते निजामाने पिकविले नव्हते, आणि पेशव्याने जे घेतले ते पेशव्याने पेरले नव्हते. दोघांनी मिळून तिसऱ्याच्या खळ्यावरची रास एका पाटीतून दुसऱ्या पाटीत टाकली. त्या काळी असे तह होत तेव्हा एका बाजूने बेलभंडार उचलीत, दुसऱ्या बाजूने कुराणावर हात ठेवीत. देव दोन्हीकडून साक्षीला बोलाविला जाई. ज्याच्या घामाची ती वाटणी होती, तो मात्र बोलाविला जात नसे.

आणि ही रास एकदाच टाकली जाई असेही नाही. १७२८ साली पालखेडास निजाम कोंडला गेल्यावर मुंगी-शेवगावचा तह झाला व मराठ्यांचा चौथाईचा हक्क निजामास पुन्हा मान्य करावा लागला. तेव्हापासून वऱ्हाडात दुहेरी अंमल मुरत गेला. राज्य निजामाचे म्हणावयाचे आणि वसुलाचा मोठा हिस्सा भोसल्यांनी न्यावयाचा. ज्या घराला दोन धनी, त्या घरच्या बैलाची काय दशा होते, हे शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको.

बरे, इतकी किंमत घेऊन शांती तरी मिळाली काय? पुढे पाहा. साखरखेर्ड्याच्या तहाची शाई वाळून पुरती सव्वादोन वर्षेही झाली नाहीत तोच १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरची लढाई झाली. निजाम पुन्हा हरला. या वेळी ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर अशी मोठी ठाणी गेली. जो इतके गमावतो तो विसरत नाही, फक्त वाट पाहतो. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला, आणि त्याच वर्षी निजामअली पुण्याकडे चालून आला. वाटेत गोदावरीकाठची देवळे त्याच्या फौजेने फोडली. १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे शहर लुटून जाळले, आणि तेव्हा नागपूरचे जानोजी भोसले निजामाच्या बाजूस होते. त्याच वर्षीच्या १० ऑगस्टला गोदावरीच्या काठी राक्षसभुवनास निजामाचा पराभव झाला व पुन्हा तह झाला. आता आकडा ८२ लाखांचा झाला. २५, ६०, ८२. प्रत्येक तहात ‘यापुढे उभयतांत स्नेह राहावा’ ह्याच अर्थाची भाषा असावयाची, आणि प्रत्येक तह हा पुढच्या लढाईचे बियाणे असावयाचा.

तह करणाऱ्यांचे तरी काय झाले? दत्ताजी शिंदे १७६० च्या जानेवारीत यमुनेच्या काठी बुराडी घाटावर पडले. विश्वासराव पानिपतावर गेला; त्याला तेव्हा १९ वेही पुरे झाले नव्हते. त्याच वर्षी जून महिन्यात नानासाहेब पेशवे खचून मरण पावले. सलाबतजंगास १७६२ साली त्याच्याच भावाने, म्हणजे निजामअलीने, गादीवरून काढून कैदेत टाकले आणि पुढच्या वर्षी तो तेथेच मेला. सहा वर्षांच्या आत हे सर्व. निजामअली तेवढा उरला, आणि तो १७९५ साली खर्ड्यास पुन्हा हरून पुन्हा तह करण्यापुरता जगला.

मग तिसरा आला. १८०३ साली इंग्रजांनी शिंदे व भोसले ह्यांच्याशी युद्ध केले. सप्टेंबरात जालना जिल्ह्यातील आसईचे रण झाले, नोव्हेंबरात अकोल्याकडील अडगावचे, डिसेंबरात गाविलगड पडला. आणि १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. त्यांतला वऱ्हाडचा हिस्सा इंग्रजांनी आपला दोस्त म्हणून निजामास दिला. दुहेरी अंमल सुटला म्हणून रयत सुखी झाली असेल असे वाटेल. पण निजामास हे मिळाले त्याबरोबर इंग्रजी अंमलदारांच्या हाताखालची फौज पोसण्याचे ओझेही पाठीवर आले. फौजेचा पगार थकला. पगारासाठी सावकारांचे कर्ज काढले. सावकारांस परगण्यांचे वसूल तोडून दिले. आणि सावकाराने मक्त्याने घेतलेल्या गावात वसुली कशी होते, हे वऱ्हाडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पुष्कळ दिवस राहिले होते. शेवटी १८५३ साली त्याच फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड व त्याबरोबर काही इतर मुलूख कंपनीच्या हवाली झाला. त्या इतर मुलखात नळदुर्गही होता, तोच साखरखेर्ड्याच्या तहातला नळदुर्ग; १८६० साली तो निजामास परत मिळाला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि त्याबद्दल निजामास दरसाल द्यावयाचा आकडा ठरला २५ लाख रुपये. दीडशे वर्षांनी आकडा पुन्हा तोच, आणि तो भरणाराही पुन्हा तोच, खळ्यावर उभा असलेला.

येथे कोणी विचारील, आणि आमच्या एका उपदेशक बंधूंनी विचारलेही, की मग तह करूच नयेत असे तुमचे म्हणणे आहे काय? वाईट तह हा बऱ्या लढाईपेक्षा चांगला नव्हे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. १७५७ च्या त्या डिसेंबरात ज्या आईचा मुलगा सिंदखेडहून जिवंत घरी आला, तिने कलमे काय होती हे विचारले नसेल. ज्या गावाची कडब्याची गंज त्या आठवड्यात फौजेच्या घोड्यांपासून वाचली, त्याने देवाचे उपकारच मानले असतील. रक्त वाहणे थांबले ही गोष्ट लहान नव्हे, आणि जो माणूस दूर बसून, स्वतःचा मुलगा घरी सुरक्षित असता, तहापेक्षा युद्ध बरे म्हणतो, त्याचे आम्ही ऐकणार नाही. तह करावा. वाईटही करावा लागेल. आमचे म्हणणे एवढेच की तह झाला म्हणून शांती झाली असे समजू नये. यिर्मया संदेष्ट्याने आपल्या काळच्या पुढाऱ्यांवर हाच आरोप ठेविला होता, की लोकांची जखम खोल असता ते तिच्यावर वरवर पट्टी बांधून शांती, शांती म्हणतात. पट्टी बांधणे हे पाप नव्हे. पट्टीखाली जखम चिघळत आहे हे ठाऊक असून ती बरी झाली म्हणून सांगणे, हे पाप.

हे केवळ आपल्या राजेरजवाड्यांचेच दोष होते असेही नाही. ज्या देशांतून आपल्याकडे शुभवर्तमान घेऊन मिशनरी आले, त्या देशांनी १९१९ च्या २८ जूनला फ्रान्समध्ये व्हर्साय येथे जो तह केला, त्यात हेच दिसते. युद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात थांबले होते. पण जर्मनीची समुद्रावरील नाकेबंदी १९१९ च्या जुलैपर्यंत चालूच होती. युद्धाचा दोष जर्मनीवर ठेवण्यात आला, आणि १९२१ साली भरपाईचा आकडा ठरला १३२ अब्ज सुवर्ण मार्क. ज्या कैसराने युद्ध पुकारले तो हॉलंडात जाऊन लाकडे फोडीत म्हातारा झाला. आणि १९२३ साली मार्काची किंमत मातीमोल झाली तेव्हा आयुष्यभर साठविलेले पैसे गेले ते विधवांचे, शिक्षकांचे व मजुरांचे. केन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने ह्या तहापासून काय होईल ह्याचा इशारा १९१९ सालीच पुस्तक लिहून दिला होता. २० वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले. ते केवळ ह्या तहामुळे पेटले असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही, कारण मध्यंतरी दुसरीही कारणे आली व माणसांचा दुष्टपणा तर होताच. पण चिघळलेल्या जखमेवर माशी लवकर बसते.

त्या तहावर हिंदुस्थानच्या नावानेही सह्या झाल्या. एक माँटेग्यू साहेबांची, एक बिकानेरच्या महाराजांची. ह्या देशाचे १० लाखांहून अधिक लोक त्या युद्धासाठी समुद्रापार गेले होते. १९१७ साली उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ साली मोडून टाकण्यात आली. जगात शांती झाली होती, तेव्हा त्यांची गरज उरली नव्हती. त्या शिपायांस घरी परत जाताना शांतीचा अर्थ काय वाटला असेल, ह्याचा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो.

ह्याच्या उलटही एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या देशाचे असल्यामुळे सांगावयास आनंद वाटतो. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजांच्या हातून आपले हजारो शिपाई मलायात, ब्रह्मदेशात व कैदेच्या छावण्यांत मेले. त्या युद्धाचा मोठा तह १९५१ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. हिंदुस्थान त्यात सामील झाला नाही. त्याने ९ जून १९५२ रोजी जपानशी आपला वेगळा तह केला, आणि त्यात भरपाई मागण्याचा आपला हक्क आपण होऊन सोडून दिला. देश तेव्हा नुकताच स्वतंत्र झालेला, धान्याची टंचाई, तिजोरी रिकामी. मागितले असते तर कोणी नावे ठेविली नसती. मागितले नाही, म्हणजे तहाची किंमत आपणच सोसली. ती जपानच्या कोळ्यांवर व शेतकऱ्यांवर ढकलली नाही. तेव्हापासून त्या देशाशी आपले वैर झालेले नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू या. तहाविषयीची सर्वांत कठीण गोष्ट आम्हांस यहोशवाच्या नवव्या अध्यायात व दुसऱ्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात सापडते. हे दोन अध्याय उपदेशक बंधूंनी एकत्र वाचावेत. एकेकटे वाचले असता अर्थ अर्धाच लागतो. गिबोनच्या लोकांनी जुने जोडे व शिळ्या भाकरी दाखवून, आपण दूर देशचे आहो अशी बतावणी केली आणि यहोशवाकडून अभयाचा करार मिळविला. कपट उघडकीस आले, तरी परमेश्वराच्या नावाने शपथ वाहिली म्हणून यहोशवाने तो मोडला नाही. त्यांस लाकडे तोडण्यास व पाणी भरण्यास लावून जिवंत ठेविले. पुढे कित्येक पिढ्यांनी शौल राजाने आपल्या लोकांविषयीच्या आवेशाने त्या गिबोनकरांची कत्तल केली. त्याबद्दल दाविदाच्या काळी तीन वर्षे दुष्काळ पडला. करार दुबळ्याशी केलेला असला म्हणून तो मोडावयास हलका होत नाही, हे येथे स्पष्ट आहे.

दाविदाने गिबोनकरांस विचारले की समेट कशाने होईल? त्यांनी रुपे किंवा सोने मागितले नाही. शौलाच्या वंशातील सात पुरुष मागितले. दाविदाने ते दिले. त्यांना डोंगरावर फाशी दिले. त्यांत दोघे रिस्पा नावाच्या स्त्रीचे मुलगे होते. रिस्पेने शौलाच्या कोणत्याही कारभारात भाग घेतलेला नव्हता, आणि दाविदाच्या ह्या तहात तिला कोणी विचारलेही नव्हते. तिने गोणपाट घेतले, खडकावर अंथरले, आणि कापणीच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती तेथे बसून राहिली. दिवसा पाखरे व रात्री रानपशू ती त्या प्रेतांपासून हाकीत होती. आपल्याकडे पाखरे राखण्यास बाई उभी राहते ती कणसांसाठी. ही आपल्या मुलांच्या देहांसाठी राहिली.

आम्ही सेमिनरीत असताना हा अध्याय वाचून पुढे गेलो. आमच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही, ती पाळकपणाची कित्येक वर्षे गेल्यावर आली. देवाने देशासाठी केलेली विनंती केव्हा ऐकली असे शास्त्र सांगते? सात जणांना फाशी दिल्यावर नव्हे. रिस्पेने काय केले हे दाविदाच्या कानावर गेले, मग त्याने शौलाच्या व योनाथानाच्या अस्थी आणविल्या, त्या फाशी दिलेल्यांच्या अस्थी गोळा केल्या, सर्वांस मानाने पुरले. त्यानंतर देवाने विनंती ऐकली. दोन राजकीय पक्षांत तह होऊन हिशेब चुकता झाला होता. तरी जिच्यावर त्याची किंमत पडली, तिचे दुःख राजाने पाहून आपल्या अंगावर घेईपर्यंत स्वर्गात तो तह पुरा मानला गेला नाही, असे आम्हांस ह्यातून कळते. आमचा हा अर्थ चुकीचा वाटेल त्यांनी अध्याय पुन्हा वाचावा; शब्दांचा क्रम तोच आहे.

आणि म्हणूनच प्रेषित पौल जेव्हा इफिस व कलस्सै येथील मंडळ्यांस लिहितो की ख्रिस्ताने शांती केली, तेव्हा ती कशी केली हेही तो त्याच श्वासात सांगतो. आपल्या वधस्तंभावरील रक्ताने. दोन वैऱ्यांमध्ये समेट करणारे मध्यस्थ जगात पुष्कळ झाले. समेटाची किंमत मध्यस्थाने स्वतः भरली असे एकदाच झाले. त्या शांतीने वाचलेले आपण लोक जेव्हा आपसांत समेट करतो, तेव्हा किंमत कोणाच्या पदरात घालतो?

हे आम्ही इतरांस विचारण्यापूर्वी आम्हांसच विचारावे लागले. आमच्या हाताखालील एका गावी दोन भाऊ आहेत. विहीर व धुरा ह्यांवरून त्यांचे तीन वर्षे बोलणे बंद होते. दोघेही प्रभुभोजनास येत, पण वेगवेगळ्या बाजूस बसत. नाताळापूर्वी आम्ही तेथे दोन दिवस राहिलो, मंडळीचे वडील जमविले, रात्र रात्र बोललो, आणि समेट घडवून आणला. थोरल्याने विहिरीचे पाणी घ्यावे आणि त्याच्या बदल्यात धाकट्याने नाल्याकाठची पट्टी घ्यावी. कागद आम्हीच आमच्या हाताने लिहिला. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले तेव्हा आमचेही डोळे भरून आले. पुढच्या मासिक सभेत आम्ही ही हकीकत उभे राहून सांगितली, व पुष्कळांनी देवाची स्तुती केली.

ती नाल्याकाठची पट्टी त्यांच्या मेलेल्या मधल्या भावाची विधवा वाहीत होती. सातबाऱ्यावर तिचे नाव कधी चढलेच नव्हते, म्हणून ते आमच्या बोलण्यातही चढले नाही. पाऊस सुरू झाल्यावर ती दुसऱ्यांच्या शेतांत निंदावयास जाऊ लागली व उपासनेस येईनाशी झाली. तिचे मन थंड झाले आहे असे आम्हांस कळविण्यात आले, आणि तिला बोध करावा म्हणून आम्ही तिच्या दारी गेलो. तिने बसावयास गोणपाट टाकले, पाणी दिले. समेटाच्या बैठकीत तू काही का बोलली नाहीस, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “पाळकसाहेब, त्या दिवशी मी चुलीपाशी होती. तुमच्यासाठीच त भाकरी थापत होती.”

आम्ही त्या भाकरी खाल्ल्या होत्या.

तेथून उठून आम्ही थोरल्याकडे गेलो. तो म्हणाला, “पाळकसाहेब, मिटलेलं आता कायले उकरता?” आम्हांस त्यावर चटकन उत्तर सुचले नाही, कारण सहा महिन्यांपूर्वी आम्हीही असेच म्हटले असते. धाकटा पुष्कळ रागावला. कागदावर पाळकांची सही आहे, मग पाळकच कागद कसा फिरवितात, असे तो चार लोकांत बोलला, आणि त्याचे बोलणे खोटे नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही मंडळीपुढे उभे राहून सांगितले की त्या कागदात चूक झाली आहे व ती चूक आमची आहे. मासिक सभेतही आम्ही हेच सांगितले. ते सांगणे पहिल्या हकीकतीइतके सोपे गेले नाही. थोरल्याने बऱ्याच विचारानंतर विहिरीच्या पाण्याच्या दोन पाळ्या तिच्यासाठी सोडल्या आहेत. धाकट्याने पट्टीत तूर पेरली आहे; पीक निघू द्या, मग बसू, असे तो म्हणतो, आणि पेरलेले पीक उपटा असे आम्हांसही म्हणवत नाही.

तूर पौषात निघेल. त्या वेळी पुन्हा बैठक बसावयाची आहे. आपण यावे म्हणून आम्ही त्या बाईस सांगून ठेविले आहे, आणि मंडळीच्या वडिलांसही कळविले आहे की त्या दिवशीच्या भाकरी आमच्या घरून येतील.